जुन्या शेती अवजारांची इंटरनेटवरून फेरविक्री : एक जोडधंदा



आपल्या गोठ्यामागे किंवा बांधावर एखादा पलटी नांगर, पेरणी यंत्र किंवा कडबाकुट्टी पडून असेल. मोठा ट्रॅक्टर घेतल्यामुळे लहान रोटाव्हेटर बिनकामाचा झाला असेल. पावसात भिजून असे अवजार गंजते आणि शेवटी भंगाराच्या भावाने जाते. त्याच वेळी दुसऱ्या तालुक्यातील एखादा अल्पभूधारक शेतकरी नवीन अवजार परवडत नाही म्हणून जुने शोधत असतो. या दोघांची गाठ पूर्वी आठवडी बाजारात किंवा दलालामार्फत पडत असे. आता मोबाईलवर जाहिरात देऊन ती घरबसल्या घालून देता येते. यंत्रांची जाण असलेल्या ग्रामीण तरुणांना यातून चांगला जोडधंदा करता येईल. मात्र या धंद्यात नफ्याइतकीच जोखीमही आहे. म्हणून पुढील बाबी नीट समजून घेऊनच सुरुवात करावी.

अवजारांची निवड

सुरुवातीला ट्रॅक्टरच्या व्यवहारात पडू नये. त्यात भांडवल जास्त गुंतते आणि कागदपत्रेही बरीच लागतात. कल्टीवेटर, नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, कडबाकुट्टी अशी नोंदणी न लागणारी अवजारे प्रथम घ्यावीत. ज्या अवजाराचे सुटे भाग जवळच्या तालुक्याच्या गावी मिळतात, तेच घ्यावे. शिल्लक राहिलेली बियाणे, खते व कीटकनाशके या धंद्यात मुळीच आणू नयेत. त्यांच्या विक्रीस परवाना लागतो.

खरेदी करताना हंगाम उलटा धरावा. पेरणी संपली की रोटाव्हेटर व पेरणी यंत्रे स्वस्त मिळतात, तर उन्हाळी मशागत सुरू होताच त्यांना गिऱ्हाईक येते. मळणी यंत्र सुगी संपल्यावर घ्यावे आणि पुढील सुगीच्या तोंडावर विकावे.

खरेदीपूर्वी तपासणी

१) रोटाव्हेटर : गिअर बॉक्समधून तेल गळते काय ते पाहावे. रोटर हाताने हलवून बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे का ते तपासावे. पाती किती झिजली आहेत व शाफ्टचे क्रॉस कसे आहेत, हे पाहावे. शक्य असल्यास ट्रॅक्टरला जोडून चालवून पाहावे.

२) फवारणी पंप : दाब धरतो काय, नळी व नोझल ठीक आहेत काय ते पाहावे. पंप पूर्वी तणनाशकासाठी वापरला होता का, हे अवश्य विचारावे. २,४-डी या तणनाशकाचा अंशही कापूस व द्राक्षासारख्या पिकांना घातक ठरतो. असा पंप टाकी, नळी, गाळणी व नोझलसह धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने अनेक वेळा धुवावा आणि विकताना पूर्वीचा वापर गिऱ्हाइकास सांगावा. ही माहिती लपवल्यास एका पंपापायी दुसऱ्याचे उभे पीक जाऊ शकते.

३) ट्रॅक्टर : इंजिन गार असताना सुरू करून पाहावे. धुराचा रंग निळा असल्यास इंजिन तेल जाळत आहे असे समजावे. इंजिन तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. अवजार उचलून लिफ्ट काही वेळ तशीच धरते काय ते पाहावे. टायरवरील चार आकड्यांवरून त्याचे वय कळते. उदा. ३२१९ म्हणजे २०१९ सालातील ३२ वा आठवडा.

मालकी कोणाची?

विकणाऱ्याकडून मूळ खरेदीची पावती, ओळखपत्राची प्रत व सहीची विक्री पावती घ्यावी. पावतीवर अवजाराचा अनुक्रमांक लिहावा. माल चोरीचा असल्याचे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. "फार स्वस्त मिळाले" एवढ्यावर खूश होऊ नये. अवजार शासकीय अनुदानावर घेतले असल्यास, ते ठराविक काळ न विकण्याची अट हमीपत्रात असू शकते. ते हमीपत्र वाचल्याशिवाय विसार देऊ नये.

किंमत कशी ठरवावी?

जुन्या अवजाराची किंमत ठरवताना नव्याची आजची किंमत समोर ठेवावी, मालकाने पूर्वी दिलेली नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीचे ट्रॅक्टर व बहुतेक शेती अवजारांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीची पावती दाखवून कोणी जास्त किंमत मागत असेल तर हा फरक लक्षात घ्यावा.

पुढे एका पाच फुटी रोटाव्हेटरचा नमुना हिशोब दिला आहे. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपल्या भागातील दर त्यात घालावेत.

खरेदी किंमत : ४५,००० रुपये
टेम्पो भाडे : २,५०० रुपये
पाती ३६ नग, दर १२० रुपये : ४,३२० रुपये
नट-बोल्ट, ऑईल सील व गिअर ऑईल : १,६८० रुपये
मजुरी व रंग : २,५०० रुपये
दोन महिन्यांचे व्याज, दरसाल १२ टक्के : १,१२० रुपये
प्रवास, फोन व इतर : ८८० रुपये
एकूण खर्च : ५८,००० रुपये

हा रोटाव्हेटर ६४,००० रुपयांस गेला तर ६,००० रुपये उरतात. मात्र हंगाम हुकला आणि माल सहा महिने पडून राहिला तर व्याज ३,३६० रुपये होते, म्हणजे खर्च २,२४० रुपयांनी वाढतो. त्यात गिऱ्हाइकासाठी ३,००० रुपये कमी करावे लागले तर हातात केवळ ७६० रुपये राहतात. यावरून दिसेल की, माल वेळेवर विकला जाणे हाच या धंद्याचा प्राण आहे. व्याज व स्वतःची मजुरी हिशोबात न धरणाऱ्यास तोटा होऊनही नफा झाल्यासारखा वाटतो.

जाहिरात कशी द्यावी?

अवजार स्वच्छ धुऊन उन्हाच्या उजेडात चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. अनुक्रमांकाची पट्टी, झिजलेला भाग आणि असल्यास वेल्डिंगचा सांधा यांचीही छायाचित्रे द्यावीत. चालू स्थितीतील लहान चित्रफीत दिल्यास गिऱ्हाइकाची खात्री पटते. मजकूर थोडका व खरा असावा. उदा. :

"पाच फुटी रोटाव्हेटर, ३६ पाती. चार हंगाम वापरलेला. पाती व ऑईल सील नवीन. डाव्या बाजूच्या पत्र्यास वेल्डिंग केले आहे. जोडून चालवून दाखवू. किंमत ६६,००० रुपये. वाहतूक घेणाऱ्याकडे."

दोष आधीच सांगितल्यास पन्नास कोसांवरून आलेला गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही. घासाघीस होणारच, म्हणून किमतीत थोडी जागा ठेवावी. विक्री झाल्याबरोबर जाहिरात काढून टाकावी.

पैशांचे व्यवहार

१) पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असे कोणी सांगितल्यास तो आपल्या खात्यातून पैसे काढू पाहत आहे असे समजावे.
२) माल न पाहता लगेच पूर्ण किंमत कबूल करणाऱ्या किंवा गणवेशाचे छायाचित्र पाठवून विश्वास मिळवू पाहणाऱ्या अनोळखी व्यक्तीपासून सावध राहावे.
३) पैसे जमा झाल्याचा संदेश किंवा छायाचित्र पुरेसे नाही. स्वतःच्या खात्यातील शिल्लक पाहूनच माल गाडीत चढवावा.
४) खरेदी करतानाही माल प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी विसार पाठवू नये.
५) फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.
६) २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे.

ट्रॅक्टर व ट्रॉलीची नावबदली

अनेक शेतकरी कोऱ्या फॉर्मवर सही करून ट्रॅक्टर देतात आणि मोकळे झालो असे समजतात. ही फार मोठी चूक आहे. असेच हातोहात विकल्या गेलेल्या एका मोटारीचा अपघात झाला होता. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, असे ठरवून भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर टाकली. आपण विकलेला ट्रॅक्टर उद्या ऊस वाहतुकीत कोणाच्या अंगावर गेला आणि त्याचा विमा संपलेला असला, तर भरपाईसाठी आपल्या घरादारावर पाळी येऊ शकते.

म्हणून नमुना २९ व ३० भरून नावबदली करावी. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. बँकेचा बोजा असल्यास ना हरकत दाखला व नमुना ३५ लागतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचीही नावबदली करावी. विमा नवीन मालकाच्या नावे करून घ्यावा. एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून नोंदणी, बोजा व विम्याची मुदत आधीच पाहता येते. चेसिस व इंजिन क्रमांक मात्र प्रत्यक्ष ताडून पाहावेत. नोंदणीकृत वाहनांची नियमित खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे.

हिशोब व कर

प्रत्येक अवजारासाठी वहीत एक पान ठेवावे. त्यावर खरेदी, दुरुस्ती, विक्रीच्या तारखा, रकमा व पावत्यांची नोंद करावी. शेती उत्पन्नावर आयकर नसला तरी फेरविक्रीचा नफा हे शेती उत्पन्न नव्हे, ते धंद्याचे उत्पन्न आहे. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेल्यास साधारणतः वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. जुन्या मालाच्या नोंदणीकृत विक्रेत्यास, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास, खरेदी व विक्री किमतीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे. याबाबत कर सल्लागारास विचारावे.

शेवटी एवढेच की, इंटरनेटमुळे गिऱ्हाईक दुरून येते, पण धंदा टिकतो तो शब्दावर. पहिल्या वर्षी दोन-तीन अवजारांपासून सुरुवात करावी, नफा भांडवलात घालावा आणि उधारी टाळावी. आपण विकलेला रोटाव्हेटर ऐन पेरणीत बंद पडला तर घेणाऱ्याची वापशाची वेळ हुकते. विकणाऱ्याला त्याचे पैसे परत देता येतात, पण वापसा परत देता येत नाही. हे ध्यानात ठेवून व्यवहार करणाऱ्यास पुढील गिऱ्हाईक जाहिरातीशिवायही मिळेल.