शिंगरू घरी आणल्यानंतर

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर ख्यात आहे. उंच, देखण्या, तालावर पावले टाकणाऱ्या घोड्यांभोवती तेथे दिवसभर माणसांचे कोंडाळे असते. बाजाराच्या कडेला, धुळीत, कामाची साधी जनावरे बांधलेली असतात. त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. काही वर्षांपूर्वी या यात्रेस जाण्याचा योग आला असता एका टांगेवाल्याने अशाच एका कोपऱ्यात आठ महिन्यांचे मादी शिंगरू खरेदी केल्याचे प्रस्तुत लेखकाने पाहिले. त्याची जुनी घोडी नवव्या वर्षीच पुढच्या गुडघ्यांत अधू झाली होती. ती दीड वर्षाची असतानाच त्याने तिला गाडीस जुंपले होते, हे त्याने स्वतःच सांगितले. नव्या शिंगराची पाठ थोपटीत तो म्हणाला, “हिला मात्र सवडीनं वाढवायची. पण साहेब, ठाणावर बांधून नुसतं खायला घालायचं, ते तरी किती दिवस?”

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. घोडागाडीचे दिवस सरत आले आहेत, हे खरे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांच्या रपेटी बेकायदेशीर असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. तथापि लहान गावांतील टांगे, वीटभट्ट्यांवरील ओढकाम आणि मेंढपाळांच्या तांड्यांतील ओझी यांसाठी आजही घोडा पाळला जातो. आपल्या भीमथडीच्या तट्टाला तर २०२३-२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळाली. ज्या कुटुंबाचे पोट एकाच जनावरावर चालते, त्याला या आकड्यांतील घट ठाऊक नसते. आपली घोडी किती वर्षे चालेल, एवढेच त्याला ठाऊक असावे लागते. आणि ते बहुतांशी तिच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ठरते.

शिंगरू घरी येते तेव्हा ते आईपासून नुकतेच तुटलेले असते. साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास शिंगराचे दूध तोडतात. बाजारात आलेल्या शिंगराला दूध तुटल्याचा, प्रवासाचा, अनोळखी माणसांचा आणि बदललेल्या चाऱ्याचा असा चौपदरी ताण एकाच वेळी सोसावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला काही शिकविण्याच्या फंदात पडू नये. शक्य असल्यास विकणाऱ्याकडूनच आठ-दहा दिवसांचा चारा सोबत आणावा आणि आपला चारा त्यात रोज थोडा थोडा वाढवीत न्यावा. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला वांती करता येत नाही. एकदम बदललेला किंवा एकदम भरपूर दिलेला खुराक त्यास पोटशूळ आणतो, व त्यात अनेकदा जनावर दगावते.

घरी दुसरे घोडे असल्यास नव्या शिंगराला निदान तीन आठवडे वेगळे ठेवावे. त्याचे पाण्याचे भांडे, तोबरा व खरारा हीही वेगळी असावीत. बाजारातून घसा धरणे, सर्दी यांसारखे आजार येतात; परंतु खरे भय ग्लँडर्स या रोगाचे आहे. २००६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता. नाकातून चिकट स्राव, जबड्याखालील गाठी, पायांवर फुटणारे फोड अशी त्याची लक्षणे असतात. त्यावर लस नाही, आणि तो माणसालाही होतो. रक्ततपासणीत रोग निश्चित झाला तर जनावर मारून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. २००९ च्या पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार अशा संशयाची खबर मालकाने ग्रामपंचायतीस द्यावयाची असते व तेथून ती पशुवैद्यकास कळविली जाते. खबर दिली तर जनावर जाईल, या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. अशा वेळी गावातील सरपंचाचा किंवा शिक्षकाचा शब्द कायद्याच्या कलमापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

धनुर्वाताची लस मात्र न चुकता टोचून घ्यावी. घोडा या रोगास फार लवकर बळी पडतो. खुरात रुतलेला एक खिळाही पुरेसा होतो. पहिल्या दोन मात्रा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने, असा क्रम असतो. जंतांचे औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

आता खुराकाविषयी. पोरीप्रमाणे वाढविलेल्या शिंगराला हरभरा आणि गव्हाचा कोंडा भरपूर घालण्याची आपल्याकडे हौस आहे. ती बेताने पुरवावी. वाळलेले गवत वा कडब्याची कुट्टी आणि थोडा लसूणघास हा शिंगराच्या अन्नाचा पाया होय. साधारण १४० किलो वजनाच्या शिंगराला दिवसाकाठी साडेतीन किलोच्या आसपास कोरडे अन्न लागते. त्यात धान्य किलोभर पुरे, आणि तेही दोन-तीन वेळा विभागून द्यावे. कोंड्यात स्फुरद फार व चुना अत्यल्प असतो. केवळ कोंड्यावर वाढलेल्या जनावराचे शरीर ही उणीव भरून काढण्यासाठी स्वतःच्याच हाडांतील चुना काढून घेते. हाडे पोकळ होतात, जबडा सुजतो आणि पाय लंगडतात. लसूणघासात चुना पुष्कळ असल्याने तो येथे उपयोगी पडतो. उलट, लवकर मोठे करण्याच्या हव्यासाने धान्याचा मारा केल्यास वजन वाढते, पण सांधे सुजतात. कोवळी ज्वारी शिंगरासमोर टाकू नये, तिच्यात विष असते. मिठाचा खडा व स्वच्छ पाणी मात्र सदैव समोर असावे.

टांगेवाल्याच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. पायांची लांब हाडे त्यांच्या टोकांशी असलेल्या मऊ कूर्चेच्या थरातून वाढतात. वाढ पुरी झाली की हा थर हाडात रूपांतरित होतो. खुराजवळच्या हाडांत हे पहिल्या वर्षाच्या आतबाहेर घडते. पुढच्या गुडघ्याच्या वरच्या हाडात त्यास दोन ते अडीच वर्षे लागतात. पाठीचे मणके तर पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पक्के होत नाहीत. दीड वर्षाची घोडी उंचीने जवळपास पूर्ण वाढलेली दिसते, आणि हीच फसगत आहे. तिच्या गुडघ्यात अजून कूर्चाच असते. त्या सांध्यावर डांबरी रस्त्यावरची धाव आणि भाराची ओढ पडली, की जी झीज सुरू होते ती पुढे कोणत्याही मलमाने भरून येत नाही.

टांगा दुचाकी असल्याने येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. चारचाकी गाडीत जनावर केवळ ओढते. टांग्यात भाराचा काही हिस्सा दांड्यांवाटे त्याच्या पाठीवर येतो. उतारूंची बैठक पुढे झुकली तर हा भार वाढतो. मागे झुकली तर दांड्या वर उचलल्या जाऊन पोटाचा पट्टा आवळतो. पाच वर्षांखालील घोडीच्या कच्च्या मणक्यांना हे दोन्ही घातक आहे. समतोल बैठक हा उतारूच्या सोयीचा प्रश्न असल्याचे आपण समजतो. वस्तुतः तो घोडीच्या पाठीचा प्रश्न आहे.

वय ओळखण्यास तोंड उघडून पाहावे. पुढचे मधले दुधाचे दात सुमारे अडीचाव्या वर्षी पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनाव्या आणि कडेचे साडेचाराव्या. पाच वर्षांच्या घोडीला पुढचे सर्व दात कायमचे आलेले असतात. विकणाऱ्याचे शब्द न ऐकता दात मोजावेत. गावातील शाळेत हा पाठ एखाद्या गुरुजींनी प्रत्यक्ष घोड्यासमोर घेतल्यास विद्यार्थ्यांना तो अधिक काळ स्मरेल.

तीन वर्षांची ही प्रतीक्षा रिकामी मात्र नसते. शिक्षण पहिल्या महिन्यापासूनच चालू राहते; भार तेवढा नसतो. मोरखी घालून सोबत चालणे, बांधून शांत उभे राहणे, खरारा करू देणे, चारही पाय उचलू देणे एवढे पहिल्या वर्षात पुरेसे आहे. पाय उचलण्याची सवय फार महत्त्वाची होय. खूर रोज साफ करावे लागतात व दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्यावे लागतात. वेडेवाकडे वाढलेले खूर कोवळ्या पायालाच वाकडे वळण लावतात. नाल मात्र रस्त्याचे काम सुरू होईपर्यंत ठोकू नये. पिछाडी घालून दिवसच्या दिवस एका जागी बांधून ठेवलेले शिंगरू पायाने कधीही मजबूत होत नाही. त्याला मोकळे हिंडावयास जागा हवी, आणि सोबतही हवी. दुसरे घोडे नसेल तर एखादी शेळीसुद्धा चालते.

मादी शिंगराच्या बाबतीत एक दक्षता अधिक घ्यावी लागते. साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या वयात ते माजावर येऊ लागते. यात्रांत, तळांवर व मोकाट चरणाऱ्या कळपांत नर घोडे असतातच. स्वतःच अपुऱ्या वाढलेल्या घोडीने अकरा महिने गर्भ वाढविला, तर तिची हाडे व तिचे शिंगरू या दोहोंचाही घात होतो. तीन वर्षांपूर्वी तिला नरापासून दूरच ठेवावे.

दुसऱ्या वर्षी लांब दोऱ्या धरून मागून चालत तिला वळणे, थांबणे शिकवावे. तोंडात कडी घालावयाची ती गुळगुळीत व मापाची असावी. काटेरी कडी १९६५ च्या ओढकाम व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनी निषिद्ध ठरविली आहे. मोटारीचे हॉर्न, शाळेची घंटा, वरातीचा बँड यांची ओळख या काळातच करून द्यावी. पुढे बाजारपेठेत बुजलेली घोडी माणसांच्या अंगावर जाते. तिसऱ्या वर्षी साज अंगावर चढवून हलका ओंडका ओढावयास लावावा, नंतर रिकामी गाडी. प्रथम पंधरा-वीस मिनिटे, तीही मऊ मातीच्या सपाट वाटेवर. चौथ्या वर्षी हलके काम, दिवसाआड. पूर्ण भार पाच वर्षे पुरी झाल्यावरच द्यावा.

पूर्ण भार म्हणजे किती, हेही त्या नियमांत दिले आहे. हवेच्या टायरांच्या दुचाकी गाडीस घोड्यासाठी ७५० किलो व तट्टासाठी ६०० किलो. असे टायर नसल्यास अनुक्रमे ५०० व ४०० किलो. माणसे नेणाऱ्या गाडीत हाकणारा व सहा वर्षांखालील मुले वगळून चारच उतारू. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम नाही, सलग पाच तासांहून अधिक नाही. आणि ३७ अंशांहून अधिक तापमान असते तेथे दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. परवाने तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना हे आकडे ठाऊक असतात. गावोगावच्या थांब्यावर सावली व पाण्याचा हौद असेल तरच शेवटचा नियम पाळणे मालकाला परवडते. हा हौद बांधणे पंचायतीच्या आवाक्यातील काम आहे.

आता खर्चाचा प्रश्न. मिळकत न देणारे जनावर तीन-चार वर्षे पोसणे हातावर पोट असलेल्या माणसाला सहज शक्य नसते, हे कबूल केले पाहिजे. ज्याच्याजवळ दुसरे काम करणारे जनावर नाही, त्याने शिंगरू विकत घेऊच नये असे आमचे मत आहे. त्याने चार वर्षांची घोडी अधिक किंमत देऊन घ्यावी. ती अखेर स्वस्त पडते. सारंगखेड्याच्या त्या टांगेवाल्याने तिसरा मार्ग काढला होता. अधू झालेल्या घोडीला त्याने गाडीतून सोडले, पण विकले नाही. शिंगराला सोबत म्हणून ती ठाणावर राहिली, आणि गाडीसाठी त्याने भावाचे तट्टू सकाळपुरते मागून घेतले. मिळकत निम्मी झाली. पोरांनी कुरकुर केली.

दोन वर्षांनी त्याच्या गावी जाण्याचा प्रसंग आला तेव्हा घोडी पावणेतीन वर्षांची होती. मधले दोन दात नव्याने आलेले त्याने अभिमानाने दाखविले. दारात रंग दिलेला टांगा उभा होता, त्याच्या दांड्यांवर कोंबड्या बसल्या होत्या. घोडी ओढ्याकाठच्या वाटेने बाभळीचा एक ओंडका ओढीत येत होती आणि मागून लांब दोऱ्या धरून त्याचा धाकटा मुलगा चालत होता. “अजून दोन पावसाळे,” टांगेवाला म्हणाला, आणि त्याने मुलाला दोऱ्या सैल सोडण्याची खूण केली.