तातडीच्या विभागातले शिक्षण

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांनंतर विद्यार्थ्याला वर्षभर इंटर्नशिप करावी लागते आणि त्यात तातडीच्या विभागाची, म्हणजे कॅज्युअल्टीची, पाळी सक्तीची असते. वॉर्डात आधी सविस्तर विचारपूस, मग तपासणी, निदान आणि शेवटी उपचार, असा क्रम असतो. कॅज्युअल्टीत आधी जीव वाचवायचा आणि रोगाचे नाव मागाहून शोधायचे.

भिलाईत या शिक्षणाला पोलाद कारखान्याची पार्श्वभूमी आहे. पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. हुडको वसाहतीत आणि सेक्टरांमध्ये कारखान्याशी बांधलेली कुटुंबे राहतात, आणि सेक्टर ९ मधले कारखान्याचे रुग्णालय भाजलेल्यांच्या उपचारासाठी ओळखले जाते. जून २०१४ मध्ये कारखान्यात वायुगळतीने सहा जणांचा बळी घेतला, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीतील स्फोटात अनेक कामगार होरपळले.

एकाच वेळी बरेच जखमी आले की पहिले काम निवडीचे. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे थोडे थांबू शकणारा, हिरवा म्हणजे चालता-बोलता. मोठमोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी धावावे लागते. त्यानंतर ठरलेला क्रम: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी कपडे काढून सर्वांगाची तपासणी. एका टप्प्यावर धोका दिसला की तो दूर करूनच पुढे जायचे.

झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही; रुग्ण गुदमरत असतानाही पडद्यावर ९८ टक्के दिसू शकतात. म्हणून तो आकडा बाजूला ठेवून मास्कने पूर्ण प्राणवायू द्यायचा आणि रक्ताची खास तपासणी करायची.

भाजलेल्या रुग्णाला सलाईन हिशेबाने द्यावे लागते. पार्कलंड सूत्रानुसार ६० किलो वजनाचा माणूस ३० टक्के भाजला असेल, तर ४ × ६० × ३० म्हणजे ७,२०० मिलिलिटर. यातले निम्मे पहिल्या आठ तासांत द्यायचे, पण हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे. दवाखान्यात पोचायला दोन तास लागले असतील, तर ३,६०० मिलिलिटर उरलेल्या सहा तासांत द्यावे लागतात. हल्ली याहून कमी प्रमाणात सुरुवात करण्याकडे कल आहे. सूत्र कोणतेही असो, लघवी ताशी साधारण ३० मिलिलिटर होते की नाही, हे पाहून सलाईनचा वेग बदलत राहायचा.

पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. घोणस चावल्यास रक्त गोठत नाही; कोरड्या काचनळीतले रक्त २० मिनिटांनी पाहिले की ते कळते. मण्यारीच्या दंशात मात्र रक्त नेहमीसारखे गोठते. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते, सूज नसते, खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखते आणि पापण्या जड होतात. चाचणी ठीक आली म्हणून असा रुग्ण घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, तोही रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणातून.

औषधाइतकेच महत्त्व नोंदीला आणि बोलण्याला आहे. अपघात, भाजणे, विषबाधा यांची पोलिसांना खबर द्यावी लागते, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केले आहे. पाळी संपताना पुढच्या डॉक्टरला काय झाले, काय दिले आणि काय राहिले हे सांगूनच जायचे. नातेवाइकांना आडपडदा न ठेवता, सोप्या शब्दांत परिस्थिती सांगायची.

या सगळ्या हिशेबाला नातेवाइकांकडूनच मिळणारी एक माहिती लागते: घटना नेमकी किती वाजता घडली. रुग्णाला घेऊन निघताना ती वेळ लिहून घ्यावी आणि घेतलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायला उशीर करू नये.