लॅपटॉप गेमिंगचा, पैसे भिशीचे

बारावी झाली की पोराचा हट्ट सुरू, "आई, गेमिंग लॅपटॉपच हवा, कॉलेजलाही तोच चालेल." भवानी पेठेत मागावर नाहीतर विड्या वळून आलेल्या पैशातून भिशी भरणाऱ्या आईला हा आकडा जडच जातो. मैत्रिणींनो, दुकानात आधी विचारा, ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र आहे का? ते नंतर सहसा बदलता येत नाही. रॅम मात्र बऱ्याच लॅपटॉपमध्ये वाढवता येते. म्हणून हात आखडता असेल तर आज ८ जीबी घ्या, पुढच्या भिशीला १६ करा. रिकामी जागा आहे ना, तेवढं विचारून. 'आरटीएक्स ३०५०' या एकाच नावानं ४ जीबीचं कार्ड येतं आणि ६ जीबीचंही. कोणतं ते बिलावर लिहूनच घ्या. रंगीत दिव्यांच्या कीबोर्डला भुलू नका, बाई! बिनव्याजी हप्त्यातही प्रोसेसिंग फी निघते कधीकधी.

शिवाय आपला उन्हाळा ४० अंशांच्या वरचा. गादीवर, चादरीवर लॅपटॉप ठेवला की खालची हवा कोंडते, पंखे घोंघावतात, वेग उतरतो. पाटावर ठेवायला लावा. घरात माग असेल तर सुताची धूळ पंख्यात बसते, ती अधूनमधून साफ करून घ्यावी लागते.