स्नोबोर्ड मेणलेपन

बर्फावर घसरण्याच्या फळीच्या तळास वितळलेले मेण लावण्याची, तसेच थंड झाल्यावर जादा मेण खरवडून तळ घासण्याची क्रिया. स्नोबोर्डचा उगम शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये अमेरिकेत दोन स्की जोडून बनविलेल्या ‘स्नर्फर’ या फळीत असल्याचे मानतात. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. स्पर्धकांची मेणलेपनाची कामे तंत्रज्ञ करतात. इतर खेळाडू ती बहुधा घरीच करतात.

फळीचा तळ पॉलिएथिलिनाचा असतो. चूर्णावर दाब व उष्णता यांची क्रिया करून बनविलेला तळ मेण अधिक शोषतो. साच्यातून दाबून काढलेला कमी शोषतो. अतिथंड बर्फाचे कण तीक्ष्ण असून मऊ मेणात रुततात, म्हणून तेथे कठीण मेण वापरतात; ओलसर बर्फासाठी मऊ मेण योग्य ठरते.

साधनांमध्ये इस्त्रीची निवड सर्वांत महत्त्वाची होय. मेणाच्या खास इस्त्रीचा तवा जाड व छिद्ररहित असून तिचे तापमान स्थिर राहते. कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान बरेच खालीवर होते व वाफेच्या छिद्रांत मेण साचते. शिवाय एकदा मेणासाठी वापरलेली इस्त्री पुन्हा कपड्यांच्या उपयोगाची राहत नाही. पॉलिएथिलीन सु. १३०° ते १३५° से. तापमानास वितळू लागते. त्यामुळे मेणाच्या वेष्टनावर दिलेले तापमान पाळणे व इस्त्री सतत सरकती ठेवणे अगत्याचे असते. मेणातून धूर निघू लागल्यास उष्णता ताबडतोब कमी करावी लागते. एका जागी रेंगाळलेल्या इस्त्रीने तळ भाजला, तर तो भाग पुढे मेण नीट शोषत नाही. पायबंधनांचे स्क्रू आधी सैल केले नाहीत, तर त्यांच्या जागी तळावर खळगे पडू शकतात.

मेण लावल्यावर फळी खोलीच्या तापमानास सावकाश निवू देतात. त्यासाठी अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. घाईने ती बाहेरच्या थंडीत ठेवणे योग्य नव्हे. खरवडणी अ‍ॅक्रिलिकची व सरळ, धारदार कडेची असावी. धातूच्या खरवडणीने नवख्याच्या हातून तळ कोरला जाण्याचा संभव असतो. खरवडणे व घासणे पुढील टोकाकडून मागे करतात. घरगुती कामास एक नायलॉनचा ब्रश पुरतो. जुने मेण काढण्यास पितळी तारांचा ब्रश उपयुक्त असतो. विक्रीस असलेले इतर अनेक ब्रश बहुतेकांना अनावश्यकच.

पूर्वी वेगासाठी फ्ल्युओरीनयुक्त मेणे वापरीत. ती तापविताना निघणारी वाफ श्वासावाटे शरीरात जाते. मेणतंत्रज्ञांच्या रक्तात अशा संयुगांचे प्रमाण फार वाढल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांना पूर्ण बंदी घातली. घरात शिल्लक असलेली अशी जुनी मेणे वापरू नयेत. साधे पॅराफिनयुक्त मेण तापवितानाही खोलीत हवा खेळती ठेवावी.

हंगामाअखेर मेणाचा जाड थर न खरवडता तसाच ठेवतात व तो पोलादी कडांवरही पसरवितात. त्यामुळे कडा गंजत नाहीत. पुढील हिवाळ्यात फळी वापरण्यापूर्वी तो काढून टाकतात.