नवशिक्यानें पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

रावेर-यावलकडील केळीच्या बागेंत पानांवर पिवळे पट्टे दिसूं लागले, म्हणजे बागाईतदाराच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो: हा करपा कीं हरण्या? दोहोंचे उपाय अगदीं भिन्न आहेत. सिगाटोका करपा हा बुरशीचा रोग. रोगट पानें काढून टाकणें व बुरशीनाशक फवारणें हा त्यावरील मार्ग होय. हरण्या हा विषाणूचा रोग. त्यावर फवारणीचें औषध नाहीं. मावा ही कीड तो पसरविते, आणि रोगी झाड समूळ उपटून नष्ट करणें व माव्याचा बंदोबस्त करणें एवढेंच आपल्या हातीं राहतें. अशा वेळीं आपण मोबाईलवर फोटो काढून जाणत्या माणसाकडे पाठवितों. तो फोटो हललेला, धूसर, आणि सावलीमुळें सगळाच हिरवट. उत्तर येतें कीं, "करपा असावा." मग फवारणी होते, पैसे जातात, आणि मावा आपलें काम निर्वेधपणें चालूं ठेवतो.

अशा अनुभवानंतर कांहीं तरुण शेतकरी खरा कॅमेरा घेण्याचा विचार करूं लागतात. दुकानांत गेल्यावर मात्र त्यांची पुरती भांबावल्यासारखी स्थिति होते. नवा कॅमेरा साध्या भिंगासह घेतला तरी हजारों रुपयांची गोष्ट आहे; ती रक्कम चुकीच्या वस्तूंत अडकली तर ऐन हंगामांत जाचते. म्हणून या विषयाचा थोडा उलगडा करणें अवश्य वाटलें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, पुष्कळांना कॅमेऱ्याची गरजच नाहीं. ई-पीक पाहणीची नोंद मोबाईलवरूनच करावयाची असते, कारण तींत फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश लागतात. पीक विम्याच्या नुकसानीची सूचनाहि ७२ तासांचे आंत द्यावयाची असून तीहि मोबाईलवरून देतां येते. नवशिक्यांच्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत स्थानाची नोंद आपोआप होत नाहीं. तेव्हां केवळ सरकारी कागदांसाठीं कॅमेरा घेणें म्हणजे पाणी काढण्यास सोन्याची घागर करण्यासारखें आहे. ज्यांना रोग-किडींच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवावयाच्या आहेत, मालाचीं चांगलीं चित्रें व्यापाऱ्यांस दाखवावयाचीं आहेत, किंवा लग्नसराईंत जोडधंदा करावयाचा आहे, त्यांनींच पुढें वाचावें.

डीएसएलआर कॅमेऱ्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. भिंगांतून आंत आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडतो, तेथून वरच्या पैलूदार कांचेंत जातो, व तींतून आपल्या डोळ्यास दृश्य दिसतें. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, आणि प्रकाश मागील संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, पडून चित्र उमटतें. या सर्वांत महत्त्वाचा अवयव तो संवेदक. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो सुमारें २२ ते २४ मिलिमीटर रुंद असतो. मोबाईलमधील संवेदक याच्या मानानें नखाएवढा. केळीच्या दाट सावलींत प्रकाश थोडा असतो, तेथें हा फरक डोळ्यांत भरतो.

आतां बाजाराची स्थिति. कॅनन व निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनीं २०२० नंतर एकहि नवा डीएसएलआर काढलेला नाहीं. त्यांचें सारें लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. नवशिक्यांचा आवडता निकॉन डी३५०० हा २०१८ सालचा. त्याचें उत्पादन पुढें बंद झालें. कॅनन १५००डी हाहि त्याच सालचा. यावरून कोणी म्हणेल कीं, मग हे कॅमेरे टाकाऊ झाले. मला तसें वाटत नाहीं. हौशी लोक नव्याकडे धांवत असल्यामुळें सुस्थितींतले जुने डीएसएलआर उतरत्या किंमतींत मिळूं लागले आहेत, आणि पानावरचा पट्टा २०१८ च्या कॅमेऱ्याला जसा दिसे तसाच आजहि दिसतो.

दुकानदार सर्वांत आधीं मेगापिक्सेलचा आंकडा ऐकवितो. त्याला भुलूं नये. चोवीस मेगापिक्सेलचें चित्र सुमारें ६००० ठिपके रुंद व ४००० ठिपके उंच असतें. उत्तम छपाईस इंचास ३०० ठिपके धरले तरी तें २० इंच रुंद छापतां येतें. आपल्या मासिकाच्या पानास याच्या निम्मे मेगापिक्सेलहि पुरून उरतील.

खरा विचार करावयाचा तो भिंगाचा. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग मिळतें. त्यास पुष्कळ जण हलकें समजतात, परंतु तें सुमारें पाव मीटर अंतरापर्यंत जवळ जाऊं शकतें व तळहाताएवढा पानाचा भाग चौकट भरून टिपतें. करपा-हरण्याची शहानिशा करण्यास एवढें पुरे. मावा, फुलकिडे किंवा कपाशींतील गुलाबी बोंडअळीची नुकतीच निघालेली अळी टिपावयाची, तर गोष्ट वेगळी. दीड मिलिमीटरचा मावा पावपट आकारानें संवेदकावर उमटला तर ६००० ठिपक्यांपैकीं जेमतेम शंभर त्याच्या वांट्यास येतात. तोच मूळ आकाराएवढा उमटला तर चारशें. त्यासाठीं मॅक्रो भिंग घ्यावें. तें परवडत नसेल तर कॅमेरा व भिंग यांच्यामध्यें बसणारी एक्सटेन्शन नळी घ्यावी. तींत कांच नसते, म्हणून ती स्वस्त असते. मात्र अगदींच स्वस्त नळींत विजेचे संपर्क नसतात, व मग भिंगाचें छिद्र लहान-मोठें करणें आपल्या ताब्यांत राहत नाहीं. अशी नळी घेऊं नये.

जवळून चित्र घेतांना मोठ्या संवेदकाचा एक तोटाहि ध्यानीं ठेवावा. अळीचें डोकें स्पष्ट आलें तर शेपटी धूसर येते. त्यावर उपाय असा कीं, छिद्र लहान करावें, एफ ८ ते एफ ११ पर्यंत. छिद्र लहान झालें कीं प्रकाश कमी पडतो, पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि हात हलतो. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, महाग कॅमेरा घेऊन तिपाई टाळण्यापेक्षां साधा कॅमेरा घेऊन मजबूत तिपाई घ्यावी. पान वाऱ्यानें हलतें त्यास मात्र तिपाईचा इलाज नाहीं. वारा पडलेला असतो अशा पहांटेच्या वेळीं जावें.

रंगाची गोष्ट तर याहून नाजूक. केळीच्या छपराखालीं येणारा प्रकाशच हिरवा असतो. कॅमेरा आपल्या बुद्धीनें रंग ठरवूं लागला म्हणजे फिकट पिवळा पट्टा एकदां हिरवा, तर एकदां तपकिरी दिसतो. आणि रोगाची ओळख तर याच छटेवर अवलंबून. यासाठीं त्याच सावलींत एक पांढरा कागद धरून कॅमेऱ्यास 'हें पांढरें' असें आधीं शिकवावें. ही सोय साध्या डीएसएलआरमध्यें असते. रॉ प्रकारचें चित्र घेतल्यास रंग मागाहून संगणकावरहि सुधारतां येतो. चित्र पाठवितांना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवितां डॉक्युमेंट म्हणून पाठवावें, नाहींतर सगळा बारकावा वाटेंतच गळून जातो.

प्रकाश ओळखणें हेंच या कलेचें मर्म आहे, याचें उदाहरण आपल्या जिल्ह्यांतच आहे. चाळीसगांवचे कलामहर्षि केकी मूस (१९१२–१९८९) हे आयुष्याचीं कित्येक दशकें आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून, तिच्यावर प्रकाश पाडून त्यांनीं जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांना असंख्य पारितोषिकें मिळालीं. चाळीसगांव स्थानकाजवळील त्यांच्या घरांतील संग्रह कॅमेरा घेण्यापूर्वीं एकदां अवश्य पाहून यावा. दुकानदाराच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षां त्यांतून अधिक उमज पडते.

जुना कॅमेरा घेतांना घाई नको. छिद्र एफ १६ वर ठेवून पांढऱ्या आकाशाचा फोटो काढावा. काळे डाग दिसले तर संवेदकावर धूळ आहे. भिंगांतून विजेरीचा प्रकाश आरपार टाकून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी होय, असें भिंग फुकट मिळालें तरी घेऊं नये. पडदा किती वेळां उघडला हें निकॉनच्या मूळ चित्रांत नोंदलेलें असतें, तें विचारून घ्यावें. निकॉनच्या डी३००० व डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना जुनें एएफ-डी भिंग बसतें खरें, पण फोकस हातानें करावा लागतो. किडा टिपतांना तो हातानेंच करावा हें उत्तम. लग्नांत मात्र फजिती होईल. कॅनन कीं निकॉन या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. दोन्ही हातांत घेऊन पाहावे. ज्याच्या कळा अंगठ्यास सहज सांपडतात आणि ज्याचीं भिंगें गांवांत आणखी कोणाजवळ उसनीं मिळतात, तो घ्यावा.

घरीं आणल्यावर कपाशीच्या शेतांत किंवा धुळीच्या रस्त्यावर भिंग बदलूं नये. वैशाखांत बंद मोटारींत कॅमेरा ठेवूं नये. पावसाळ्यांत तो चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलला म्हणजे त्या वाळवून पुन्हां घालाव्या.