चंद्राला नेम धरताना

कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तपासलेले पेपर वाटले, की दरवर्षी एखादा विद्यार्थी टेबलाशी येऊन हटकून म्हणायचा, "सर, आकडा बरोबर आहे, पद्धत बरोबर आहे. फक्त चिन्ह चुकलंय. त्यासाठी अख्खा मार्क कापलात?" अधिकच्या जागी उणे पडलेलं असे. मी पुष्कळदा विरघळत असे आणि अर्धा मार्क परत देत असे. आज मला त्या अर्ध्या मार्काची आठवण झाली, ती चंद्रामुळे.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी, तुम्हा सर्वांप्रमाणेच, आमचं घरही दूरचित्रवाणीसमोर बसलं होतं. 'चंद्रयान-३' चा विक्रम चंद्रावर अलगद उतरला. टाळ्या झाल्या, पेढे झाले. मग माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, चंद्र तर आपल्या गच्चीवरून दिसतो. मग यानाला तिथं जायला चाळीस दिवस का लागले?" मी म्हणालो, "लांब आहे गं." ती गप्प बसली, पण माझंच समाधान झालं नाही. कारण लांब असणं ही चंद्राची खरी अडचण नव्हेच. खरी अडचण आहे नेमाची.

आधी थोडा हिशेब करू. पृथ्वी फुटबॉलएवढी आहे असं समजा. मग चंद्र होईल जेमतेम सहा सेंटिमीटरचा, एखाद्या लहान मोसंबीएवढा, आणि तो असेल साडेसहा मीटरवर. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हणा ना! यात काय अवघड, असं वाटेल. पण ही मोसंबी एका जागी नाही. चंद्र सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगानं सरकतो. म्हणजे तासाभरात तो स्वतःच्या रुंदीपेक्षाही थोडा अधिक पुढं जातो. यान तीन दिवसांत पोचणार असेल, तर तेवढ्या वेळात चंद्र अडीच लाख किलोमीटरहून अधिक अंतर कापून आभाळात सुमारे चाळीस अंश पुढं गेलेला असतो.

लहानपणी आपण लगोरी खेळलो आहोत. पळणाऱ्या गड्याला चेंडू मारताना तो आता जिथं आहे तिथं मारून चालत नाही, जिथं असेल तिथं मारावा लागतो. चंद्राचंही तसंच. यान निघतं ते आभाळातल्या मोकळ्या जागेकडे, चंद्र तिथं वेळेवर येणार या भरवशावर. तेही ज्या जमिनीवरून निघतं, ती जमीन स्वतः फिरत असते. या सगळ्याचं गणित मांडता येतं. न्यूटनचे नियम तीनशे वर्षांहून जुने आहेत. मग अडतं कुठं?

अडतं ते गणित आणि यंत्र यांच्यामधल्या फटीत. चंद्राकडे निघताना यानाचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर असतो. पुढं पृथ्वी त्याला सतत मागं खेचते आणि वेग कमी कमी होत जातो, चढावर फेकलेल्या चेंडूसारखा. म्हणूनच सुरुवातीची बारीकशी चूक शेवटी फार मोठी होते. सोव्हिएत संघाच्या 'लूना-२' या यानाच्या मार्गाचा हिशेब पाहा. निघतानाच्या वेगात सेकंदाला फक्त एक मीटरचा फरक पडला, तर चंद्रापाशी यान सुमारे अडीचशे किलोमीटर बाजूला जाणार होतं. सेकंदाला एक मीटर म्हणजे किती? माणूस जेवल्यावर शतपावली घालतो, तेवढा वेग! अकरा हजारांत एकाची चूक आणि अडीचशे किलोमीटरचा फटका.

म्हणून सुरुवातीचा इतिहास हा बराचसा चुकलेल्या नेमांचा इतिहास आहे. जानेवारी १९५९ मध्ये 'लूना-१' चंद्रावर आदळवण्यासाठी सोडलं. अग्निबाणाचं इंजिन बंद करण्याची आज्ञा वेळेवर झाली नाही, आणि यान चंद्रापासून सुमारे सहा हजार किलोमीटरवरून निसटून सूर्याभोवती फिरू लागलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेचं 'पायोनियर-४' सुमारे साठ हजार किलोमीटरवरून गेलं. सप्टेंबरमध्ये 'लूना-२' अखेर चंद्रावर जाऊन आदळलं, आणि मानवानं बनवलेली वस्तू पहिल्यांदा दुसऱ्या खगोलावर पोचली.

आता ती चिन्हाची गोष्ट. जानेवारी १९६२ मध्ये अमेरिकेनं 'रेंजर-३' सोडलं. अग्निबाणानं त्याला हवा त्याहून जास्त वेग दिला. हरकत नाही, वाटेत दुरुस्ती करू, असं ठरलं, कारण यानावर त्यासाठी छोटं इंजिन होतं. पण दुरुस्तीच्या आज्ञेत एका चिन्हाची उलटापालट झाली होती. जमिनीवरच्या मंडळींच्या कागदात ज्याचा अर्थ एक होता, त्याचा यानाच्या लेखी नेमका उलटा होता. इंजिन चाललं ते चुकीच्या बाजूला, आणि यान सुमारे ३६,८०० किलोमीटरवरून चंद्राला ओलांडून गेलं. आकडा बरोबर होता, पद्धत बरोबर होती, फक्त चिन्ह चुकलं होतं!

या ठेचांतून एक गोष्ट पक्की झाली. चंद्राला नेम एकदाच धरून भागत नाही, तो वाटेत पुन्हा पुन्हा धरावा लागतो. त्यासाठी यान या क्षणी कुठं आहे आणि किती वेगानं चाललं आहे, हे कळायला हवं. ते कळतं रेडिओलहरींनी. बंगळुरूजवळ ब्यालालू इथं ३२ मीटर व्यासाची अवाढव्य तबकडी आहे. तिथून संदेश जातो, यानाकडून परत येतो. त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते ना, तशीच लहरींची पट्टीही बदलते. त्यावरून वेग कळतो, सेकंदाला एखाद्या मिलिमीटरचा फरक टिपण्याइतका अचूक.

आता नातीचे चाळीस दिवस. आपला अग्निबाण यानाला एका दमात चंद्राकडे भिरकावण्याइतका ताकदवान नव्हता. म्हणून १४ जुलैला उड्डाण झाल्यावर यान पृथ्वीभोवतीच लंबगोल घिरट्या घालत राहिलं. पाच वेळा इंजिन चालवून घिरट्या लांबवल्या, तेव्हा त्यांचं दूरचं टोक सव्वा लाख किलोमीटरच्या पुढं गेलं. हा काटकसरीचा मार्ग, पण त्यात आणखी एक सोय होती. दर घिरटीत मोजायला आणि चूक सुधारायला वेळ मिळत होता. १ ऑगस्टला यान चंद्राकडे निघालं. ५ ऑगस्टला सुमारे अर्धा तास इंजिन उलट्या दिशेनं चालवून त्याचा वेग कमी केला, तेव्हा कुठं चंद्रानं त्याला धरून ठेवलं. ते इंजिन चाललं नसतं, तर यान चंद्राला वळसा घालून निघून गेलं असतं.

आणि हे केवळ जुन्या काळचं दुखणं आहे असं समजू नका. विक्रम उतरण्याच्या चारच दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचं 'लूना-२५' चंद्रावर कोसळलं. उतरण्यापूर्वी कक्षा बदलण्यासाठी त्याचं इंजिन ८४ सेकंद चालायला हवं होतं, ते १२७ सेकंद चाललं. मधल्या त्रेचाळीस सेकंदांत अनेक माणसांची कित्येक वर्षांची मेहनत गेली. आपल्यालाही ही वेदना परकी नाही. २०१९ मध्ये 'चंद्रयान-२' चा विक्रम शेवटच्या टप्प्यात कोसळला, तेव्हाचं ते मौन आठवा. त्या अपयशाची चिरफाड केली म्हणून पुढचा विक्रम उतरला.

नातीला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चूक होणारच, असं धरूनच निघतात?" मला तीस वर्षांत जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते तिनं सांगितलं. चूक होणारच असं धरायचं, ती वेळेत मोजायची आणि सुधारायची.

राहता राहिला तो अर्धा मार्क. तो मी द्यायला नको होता, असं आता वाटतं. किंवा द्यावाही, पण त्या मुलाला आधी 'रेंजर-३' ची गोष्ट सांगून मग द्यावा!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)