तांबड्या खडूचा दानीएल

गेरू तुम्हां सर्वांना माहीत आहे. सण आला की तुळशीच्या कट्ट्याला आपण गेरू लावतो. त्याचा लाल रंग लोखंडामुळे येतो. खिळा गंजला की तांबडा होतो ना, तसंच. गेरूच्याच जातीचा एक मऊ दगड असतो. तो खाणीतून काढून त्याच्या कांड्या करत आणि युरोपातले चित्रकार त्याने चित्रे काढत. त्याला तांबडा खडू म्हणतात. आपल्या फळ्याचा खडू वेगळा. तांबड्या खडूचा रंग माणसाच्या कातडीच्या जवळचा, म्हणून अंगाची चित्रे त्याने छान येतात. पण तो कागदावर बसला की सहजासहजी पुसत नाही.

इटली देशात बेर्निनी नावाचे फार मोठे मूर्तिकार होऊन गेले. जन्म १५९८, मृत्यू १६८०. शिवाजी महाराजांचे निधनही १६८० सालीच झाले. म्हणजे दोघे एकाच काळातले. तिकडच्या त्या काळच्या कलेला बरोक म्हणतात. त्यातल्या मूर्ती आत्ता हलतील की काय असे वाटते.

बेर्निनींनी १६५५ ते १६५७ या काळात रोम शहरातल्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चसाठी दानीएलची संगमरवरी मूर्ती केली. दानीएलची गोष्ट बायबलात आहे. राजाचा हुकूम होता की ३० दिवस राजाशिवाय कोणापाशी काही मागायचे नाही. तरी दानीएलने देवाची प्रार्थना सोडली नाही. म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकले. पण सिंहांनी त्याला काहीच केले नाही.

आता खरी गंमत सांगते. दगड एकदा फोडला की परत जोडता येत नाही. म्हणून बेर्निनींनी आधी तांबड्या खडूने कागदावर चित्रे काढली. सुरुवातीला त्यांनी लाओकून नावाच्या जुन्या मूर्तीतल्या माणसाचे धड काढले. त्या माणसाला सापांनी विळखा घातलेला आहे. पुढच्या कागदांवर ते अंग वळत गेले, लांब होत गेले, आणि शेवटी हात जोडून वर बघणारा दानीएल तयार झाला. मग मातीचा नमुना केला आणि नंतर संगमरवर घेतला.

ही चित्रे जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत. ती चुलीत गेली असती, तर दानीएल कसा सुचत गेला हे कोणाला कळलेच नसते.

आपण मात्र पाटी लगेच पुसतो. कच्ची वही भरली की रद्दीत जाते. म्हणून आमच्या पालकांना एक विनंती आहे. पक्की वही तुम्ही बघताच. कच्ची वहीपण रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून बघा. उत्तर आम्ही कसं शोधलं, ते त्यात दिसतं.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी